टॅगमध्ये लिहिलेलं वाचणारे नियम

मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच वेबपानावर आला की मराठीचे हाल सुरू होतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठरवलेलं असतं, त्यामुळे वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये दोन पिक्सेलची जागा सोडलेली असते. इंग्रजीत ती शोभते, देवनागरीत मात्र शिरोरेखेचे तुकडे पडतात. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर इंग्रजीत तिरपा टाइप वापरतात. देवनागरी छपाईत तशी जुनी रीत नाही, म्हणून बहुतेक वेळा ब्राउझर सरळ अक्षरंच एका अंगाला कलंडवून मोकळा होतो. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करायला सोपी आहे. ओळींची उंची वाढवायची, अक्षरांमधलं जादा अंतर काढून टाकायचं, तिरप्याऐवजी ठळक टाइप द्यायचा. प्रश्न एवढाच, की हे फक्त मराठी मजकुराला लावायचं आहे हे ब्राउझरला सांगायचं कसं?

रूढ पद्धत अशी, की प्रत्येक मराठी परिच्छेदाला ‘मराठी’ नावाचा क्लास द्यायचा आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेत, त्या क्लाससाठी नियम लिहायचा. याने काम भागतं. पण त्याच परिच्छेदाच्या टॅगमध्ये ‘लँग’ हा ॲट्रिब्यूट आणि त्यात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत लिहिणं एरवीही गरजेचंच असतं. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरतात, तेव्हा इंग्रजी उच्चार सोडून मराठी उच्चार कुठून सुरू करायचे हे त्याला या संकेतावरून कळतं. अक्षरांचंही तसंच. हिंदी आणि मराठी ‘ल’ला युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे, ‘श’लाही एकच. या दोन्ही अक्षरांची मराठी वळणं कोणती हे महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात ठरवून दिलं आहे, पण पडद्यावर दोन पाकळ्यांचा मराठी ल उमटणार की उभ्या दांड्याचा हिंदी, हे नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट भाषेचा संकेत पाहूनच ठरवतो. म्हणजे ‘हा मजकूर मराठी आहे’ ही माहिती टॅगमध्ये असायलाच हवी. मग तीच गोष्ट क्लासच्या रूपाने दुसऱ्यांदा कशाला लिहायची? दोनदा लिहिलेल्या माहितीत आज ना उद्या फारकत होते. एक बदलली जाते, दुसरी तशीच राहते.

सीएसएसमधले ॲट्रिब्यूट सिलेक्टर ही दुसरी खेप वाचवतात. टॅगमध्ये जे लिहिलेलं आहे त्यावरूनच घटक निवडायचा, ही त्यांची सगळी रीत. चौकटी कंसात ॲट्रिब्यूटचं नाव लिहायचं. संगणकावर हे इंग्रजी अक्षरांत टंकायचं असतं, इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. [लँग] असं लिहिलं तर ज्या ज्या टॅगमध्ये भाषा सांगितली आहे ते सगळे निवडले जातात, भाषा कुठलीही असो. [लँग="एमआर"] असं लिहिलं तर ज्यांची नोंद अक्षरशः तेवढीच आहे ते. कंसाच्या आधी टॅगचं नाव जोडलं की निवड आणखी नेमकी होते.

सीएसएसची कल्पना होकॉन व्यूम ली यांनी ऑक्टोबर 1994 मध्ये मांडली, तेव्हा ते जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्याबरोबर काम करत होते. बर्ट बॉस यांच्या साथीने तिला आकार आला आणि डिसेंबर 1996 मध्ये पहिली आवृत्ती अधिकृत झाली. तिच्यात टॅगचं नाव, क्लास आणि आयडी यांवरूनच प्रामुख्याने निवड करता येई. ॲट्रिब्यूट सिलेक्टर आले ते मे 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत. पण नियम मंजूर होणं वेगळं आणि लोकांच्या ब्राउझरमध्ये उतरणं वेगळं. 2001 साली आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर 6 ला ते कळतच नव्हते, आणि पुढची कित्येक वर्षं जगातले बहुसंख्य लोक तोच ब्राउझर वापरत होते. सातवी आवृत्ती आली 2006 मध्ये, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. तोवर वेबपानं घडवणाऱ्यांची एक पिढी क्लासवरच वाढली, आणि तिने पुढच्या पिढीलाही तेच शिकवलं. आज अडचण उरलेली नाही, सवय उरली आहे. चौकटी कंस हे अनुभवी मंडळींचं खास अवजार समजून नवशिक्यांपासून लांब ठेवलं जातं, हे मला मुळीच पटत नाही. ते पहिल्या आठवड्यात शिकवायला हवेत.

भाषेच्या संकेताकडे परत वळू, कारण या सिलेक्टरांमागचा विचार तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. मराठीची नोंद ‘एमआर’ अशी असते, तशीच ‘एमआर-आयएन’ अशीही असते. म्हणजे भारतातली मराठी. नुसत्या बरोबरच्या चिन्हाने दुसरी नोंद सुटून जाते. मग ‘एमआर’ने सुरू होणारं काहीही घ्यावं का? त्यासाठी बरोबरच्या आधी कॅरट लावायचा असतो: [लँग^="एमआर"]. पण इथे एक गमतीदार अडचण आहे. ‘एमआरजे’ हा संकेत रशियातल्या व्होल्गा नदीच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या पश्चिमी मारी भाषेचा आहे. ती सिरिलिक लिपीत लिहितात आणि तिचा स्वतःचा विकिपीडियाही आहे. कॅरटवाला नियम त्या मजकुरालाही मराठी समजून देवनागरीचा फॉन्ट आणि ओळींची उंची देऊन टाकेल. हे टाळण्यासाठीच उभ्या रेघेचं रूप आहे: [लँग|="एमआर"]. याचा अर्थ, नोंद एकतर नेमकी ‘एमआर’ असावी, नाहीतर ‘एमआर’नंतर लगेच जोडरेघ असावी. ‘एमआर-आयएन’ बसतं, ‘एमआरजे’ बसत नाही. हे रूप 1998 मध्येच आलं, आणि आलं ते मुख्यतः भाषांच्या संकेतांसाठीच. सीएसएस घडवणाऱ्यांनी इतक्या लवकर जगातल्या सगळ्या भाषांचा विचार केला होता, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

याच्याही पुढे एक पायरी आहे. परदेशातले अनेक मराठी लोक मराठी रोमन लिपीत लिहितात. तिचा संकेत ‘एमआर-लॅटन’. उभ्या रेघेचा नियम तिलाही पकडतो, आणि भाषा म्हणून ते बरोबरच आहे, पण तिथे मात्रा-वेलांट्यांसाठी वाढीव उंची नको असते. तेव्हा मूळ सिलेक्टरला ‘:नॉट’ जोडून त्यात [लँग*="लॅटन"] लिहायचं. तारका म्हणजे ‘कुठेही आलं तरी’. गोव्यात तर हा प्रश्न रोजचा आहे. कोंकणीचा संकेत ‘कोक’, आणि ती देवनागरीतही लिहिली जाते, रोमीतही. दोन्ही मजकूर एकाच पानावर असतील तर हीच युक्ती जशीच्या तशी लागू पडते.

एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. ॲट्रिब्यूट सिलेक्टर ज्या टॅगवर ती नोंद आहे तेवढाच पाहतो. पानाच्या सर्वांत बाहेरच्या टॅगवर ‘एमआर’ लिहिलं, तर [लँग|="एमआर"] ने तो एक टॅग निवडला जातो, आतले शंभर परिच्छेद नाही. फॉन्ट, ओळींची उंची, अक्षरांतलं अंतर हे गुण वारशाने आत झिरपतात म्हणून हे बऱ्याचदा लक्षातही येत नाही. पण समजा नियम असा आहे, की मराठी मजकुरातला जोर दिलेला शब्द तिरपा न करता ठळक करावा. त्या मराठी पानात कुणी इंग्रजी उताऱ्याला ‘ईएन’ असा संकेत देऊन ठेवला असेल, तर त्याच्यातला जोर दिलेला शब्दही बाहेरच्या मराठी टॅगच्या पोटातच येतो आणि विनाकारण ठळक होतो. अशा वेळी ‘:लँग(एमआर)’ हा वेगळा सिलेक्टर वापरावा. घटकाला प्रत्यक्षात कुठली भाषा लागू आहे हे तो सगळ्यांत जवळच्या नोंदीवरून शोधतो. भाषेपुरतं बोलायचं तर एकात एक गुंतलेल्या मजकुरासाठी मी त्यालाच पसंती देईन. पण टॅगमध्ये भाषेशिवाय इतरही खूप काही लिहिलेलं असतं, आणि तिथे चौकटी कंसांना पर्याय नाही.

दुव्यांचंच पाहा. शासन निर्णय बहुधा पीडीएफ फाइल म्हणून मिळतात. मोबाइलवर वाचणाऱ्याने दुवा दाबला आणि पान उघडण्याऐवजी जड फाइल उतरू लागली, तर तो वैतागतो. दाबण्याआधीच त्याला कळलं पाहिजे. दुव्याचा पत्ता ‘एचरेफ’ या ॲट्रिब्यूटमध्ये असतो आणि ‘शेवट असा असलेला’ यासाठी डॉलरचं चिन्ह आहे. ए[एचरेफ$=".पीडीएफ"] असा सिलेक्टर लिहून दुव्याच्या मागे ‘पीडीएफ’ अशी छोटी पाटी आपोआप लावता येते. कार्यालयातला लिपिक रोज नवे दुवे टाकत राहतो, त्याला कुठला क्लास लक्षात ठेवावा लागत नाही. फोन क्रमांकाचे दुवे ‘टेल:’ने सुरू होतात, ईमेलचे ‘मेलटू:’ने. तिथे कॅरट चालतो.

अर्थात पत्ते सरळ वागतीलच असं नाही. कुणी फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीत लिहितो, आणि दुव्याच्या पत्त्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मोजली जातात. त्यावर उपाय म्हणून कंस बंद होण्याआधी एक सुटं ‘आय’ टाकायचं, म्हणजे हा फरक पाहिला जात नाही. लँगसारख्या काही ॲट्रिब्यूटांना त्याची गरज पडत नाही, कारण एचटीएमएलमध्ये त्यांच्या नोंदी मुळातच तो भेद न करता ताडल्या जातात. दुसरी अडचण म्हणजे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा. तो असला की पत्ता ‘.पीडीएफ’ने संपत नाही आणि डॉलर हुकतो. डॉलरच्या जागी तारका वापरून सगळं गोळा करायचा मोह इथे होतो, पण पत्त्याच्या मध्येच ती अक्षरं असलेलं साधं पानसुद्धा मग पीडीएफची पाटी मिरवू लागतं. ‘.पीडीएफ’नंतर लगेच प्रश्नचिन्ह असा दुसरा सिलेक्टर स्वल्पविरामाने जोडावा, हे बरं.

छापील प्रतीसाठी याहून सुंदर उपयोग आहे. कागदावर दुवा दाबता येत नाही, त्यामुळे ‘अधिक माहिती इथे’ हे शब्द तिथे निरर्थक होतात. एरिक मायर यांनी 2002 मध्येच दाखवून दिलं होतं, की फक्त छपाईसाठी असलेल्या स्टाइलशीटमध्ये [एचरेफ] असलेल्या प्रत्येक दुव्यामागे त्याचा पत्ता कंसात उमटवता येतो. सीएसएस तो ॲट्रिब्यूट वाचून त्यातलाच मजकूर कागदावर आणते. आजही कितीतरी संकेतस्थळं एवढं करत नाहीत.

कॅरट, डॉलर आणि तारका ही तिन्ही चिन्हं तिसऱ्या पातळीच्या सिलेक्टरांमधली, 2011 मध्ये अधिकृत झालेली. ती वापरताना एक चूक हमखास होते. बूटस्ट्रॅप या लोकप्रिय संचाची दुसरी आवृत्ती 2012 साली आली. तिच्यात चिन्हांच्या क्लासची नावं ‘आयकॉन-’ने सुरू होत, आणि सगळी चिन्हं एका फटक्यात निवडण्यासाठी [क्लास^="आयकॉन-"] लिहिलेलं होतं. पण ॲट्रिब्यूट सिलेक्टरच्या लेखी क्लासची नोंद ही एक सलग ओळ असते. आधी दुसरा क्लास आला की ओळीची सुरुवातच बदलते. म्हणून त्यांना सोबत [क्लास*=" आयकॉन-"] असा जोडीदार द्यावा लागला, अवतरणानंतर मुद्दाम एक रिकामी जागा सोडून. ती रिकामी जागा हे सगळं गणित सांभाळते. संपूर्ण शब्द हवा असेल, तर बरोबरच्या आधी टिल्ड (~) लावावा. तो नोंदीतले रिकाम्या जागांनी तोडलेले शब्द एकेक करून पाहतो. आपण रोज वापरतो तो टिंबाचा क्लास सिलेक्टर म्हणजे एचटीएमएलमध्ये याच टिल्डचं थोडक्यातलं रूप आहे.

अर्जाच्या रकान्यांमध्ये वेगळाच सापळा आहे. मजकुराच्या रकान्याला ‘टाइप’ लिहिलाच नाही तरी ब्राउझर तो मजकुराचाच मानतो, पण [टाइप="टेक्स्ट"] हा सिलेक्टर त्याला निवडत नाही, कारण टॅगमध्ये तसं लिहिलेलं नाही. तसंच खुणेच्या चौकटीचं. [चेक्ड] हा सिलेक्टर ती चौकट मुळात खूण केलेली लिहिली होती का एवढंच सांगतो. वाचकाने नंतर खूण काढली तरी त्याचं उत्तर तेच. सद्यस्थिती हवी असेल, तर अपूर्णविराम लावलेला ‘:चेक्ड’ वेगळा आहे. आणि ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमध्येही एक ॲट्रिब्यूट सिलेक्टर बसलेला असतो: [हिडन] असेल तर घटक दाखवू नये. हा नियम ब्राउझरचा असल्याने आपल्या साध्या नियमापुढेही तो हरतो. आपण त्या घटकाला मांडणीसाठी ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलं, की लपवलेली गोष्ट पडद्यावर उघडी पडते. म्हणून जाणकार मंडळी [हिडन]चा नियम आपल्या फाइलमध्ये ‘इम्पॉर्टंट’ लावून पुन्हा लिहितात.

आता ज्या उपयोगासाठी हे सिलेक्टर मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, तो. मोबाइलवर मेनू उघडणारं बटण घ्या. मेनू उघडा आहे की मिटलेला, हे दृष्टिहीन वाचकाला कळावं म्हणून बटणावर ‘एरिया-एक्स्पांडेड’ हा ॲट्रिब्यूट असतो आणि जावास्क्रिप्टने तो ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ करायचा असतो. बहुतेक ठिकाणी मेनू दाखवण्याचं काम मात्र ‘ओपन’ नावाचा क्लास करतो. मग घाईत कुणी क्लास बदलतो आणि ॲट्रिब्यूट बदलायचा राहतो. डोळस माणसाला मेनू व्यवस्थित उघडलेला दिसतो, स्क्रीन रीडर मात्र तो मिटलेलाच असल्याचं सांगत राहतो. पान घडवणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, कारण त्याच्या पडद्यावर सगळं ठीक आहे. याऐवजी मेनू दाखवण्याचा नियमच [एरिया-एक्स्पांडेड="ट्रू"]वर बांधला, तर ॲट्रिब्यूट चुकला की मेनू कुणालाच उघडणार नाही. चूक पहिल्याच मिनिटाला पकडली जाईल आणि दुरुस्त होईल. दृष्टिहीन वाचकाची गैरसोय सगळ्यांची गैरसोय झाली, की तिची दखल घेतली जाते. सध्याच्या पानाची मेनूतली खूण [एरिया-करंट="पेज"]वरून रंगवणं हेही याच जातीचं.

चित्रांबाबतही असंच करता येतं. प्रत्येक चित्राला ‘ऑल्ट’मध्ये शब्दांत वर्णन हवं. चित्र निव्वळ सजावटीचं असेल तर ऑल्ट रिकामा ठेवावा, पण तो असावा. पान तयार होत असताना आयएमजी:नॉट([ऑल्ट]) ला जाड लाल चौकट द्या. वर्णन लिहायचं राहून गेलेलं प्रत्येक चित्र समोर येतं. मराठी पानांसाठी आणखी एक तपासणी मी आग्रहाने सुचवीन. तयार साच्यातून घडवलेल्या कित्येक मराठी पानांच्या सर्वांत बाहेरच्या टॅगवर भाषा इंग्रजीच राहिलेली असते, आणि मग मराठी बातमी इंग्रजी उच्चारांनी वाचली जाऊ शकते. एचटीएमएल:नॉट([लँग|="एमआर"]) ला तशीच लाल चौकट द्या, चूक लपणार नाही.

एकाच घटकाला अनेक नियम लागू पडले, की त्यांच्या चढाओढीत ॲट्रिब्यूट सिलेक्टरचं वजन क्लासइतकंच असतं, टॅगच्या नावापेक्षा जास्त आणि आयडीपेक्षा कमी. त्यामुळे आयडी चौकटी कंसात लिहिला, तर घटक तोच निवडला जातो पण वजन क्लासइतकं उतरतं. जड आयडीमुळे पुढचे नियम अडून बसले असतील तिथे ही सोडवणूक उपयोगी पडते.

टॅगमध्ये लिहिलेलं वाचता येतं, याची एक धोक्याची बाजूही आहे. समजा एखादं संकेतस्थळ सदस्यांना आपल्या पानाची सजावट स्वतःच्या सीएसएसने करू देतं, आणि त्याच पानातल्या अर्जात ‘व्हॅल्यू’ या ॲट्रिब्यूटमध्ये गुप्त टोकन ठेवलेलं आहे. हल्लेखोर [व्हॅल्यू^="ए"], [व्हॅल्यू^="बी"] असे प्रत्येक अक्षरासाठी नियम लिहितो. प्रत्येक नियमात शेजारच्या घटकाला पार्श्वभूमीचं चित्र असतं आणि ते त्याच्या सर्व्हरवरच्या निरनिराळ्या पत्त्यांवरून मागवलेलं असतं. जो नियम जुळेल त्याचंच चित्र मागितलं जातं आणि पहिलं अक्षर फुटतं. मग पुढचं, त्यापुढचं. एकही ओळ जावास्क्रिप्ट न लिहिता टोकन बाहेर जातं. वाचकाने रकान्यात टंकलेला मजकूर एरवी ॲट्रिब्यूटमध्ये उतरत नसल्याने तो यातून बचावतो, पण काही जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या तो तिथे उतरवतात, आणि मग पासवर्डही त्याच वाटेवर येतो. म्हणून परक्याची सीएसएस पारखल्याशिवाय पानात घेऊ नये. चित्रं आणि स्टाइलशीट कुठल्या पत्त्यांवरून मागवता येतील याची यादी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीतून ब्राउझरला आधीच द्यावी, आणि जिथे बाहेरची सजावट चालते त्या पानावर गुप्त टोकन ठेवूच नये.